तियामिकेच्या वर्गातला तक्ता

मी भिंतीवरचा तक्ता बोलतोय, पण जन्माने मी पोतं. तियामिकेच्या आईने माझ्यात मक्याचं पीठ भरलं, तोंड शिवलं आणि मला लेकीबरोबर ब्लँटायर शहराच्या बसवर चढवलं. तियामिके शिक्षिका होण्याचं शिक्षण घेत होती. कॉलेजने तिला वर्षभर या डोंगराकडच्या गावात, पहिलीच्या वर्गावर पाठवलं होतं.

वर्गात एकशे चार मुलं होती आणि बाक एकही नव्हता. पीठ संपल्यावर तिने मला उसवलं, धुतलं आणि अंकांची कार्डं ठेवायला साखरेच्या पिशवीचे वीस खिसे माझ्यावर शिवले. विकत काही आणू नका, हाताशी असेल त्यातून शिकवा, असं कॉलेजात सांगितलं होतं. तिच्या हाताशी मीच होतो.

संध्याकाळी मला खोलीवर नेऊन ती माझ्याशीच बोलायची. "आज पण न्सिमा उरली," एवढंच. घरी सात माणसांसाठी मक्याच्या पिठाची ही उकड शिजवायची सवय होती. एकटीचा अंदाज तिला कधी आला नाही.

एका बुधवारी फुन्सानीची आजी वारली. फुन्सानी तियामिकेच्याच वर्गातली मुलगी. शाळा लवकर सुटली आणि सारं गाव त्या अंगणात जाऊन बसलं. तियामिके मात्र खोलीत बसून कोळशाच्या शाईने माझ्यावर अंक काढत राहिली. शुक्रवारी कॉलेजचे परीक्षक यायचे होते. शिवाय ती त्या आजीला ओळखतही नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती पाणी घेऊन आली आणि भांडं माझ्यासमोर ठेवलं. मग म्हणाली, "हापशावर बायकांनी मला रांगेत उभंच राहू दिलं नाही. 'तुम्ही आधी भरा, तुम्ही पाहुण्या,' म्हणाल्या." शब्द गोड होते. पण पाहुणी म्हणजे गावातली नव्हे.

शुक्रवारी परीक्षक न्यांगुलू सर मागे भिंतीला टेकून उभे राहिले. तियामिकेने विचारलं, "सातचं कार्ड कोण लावणार?" एकही हात वर आला नाही. फुन्सानी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती.

"तक्ता सुरेख आहे," सर जाताना म्हणाले. "मुलं तुमच्याजवळ नाहीत. तीन आठवड्यांनी निकालाची यादी बंद होते, त्या दिवशी मी परत येईन. तेव्हा धडा झाला नाही, तर वर्ष पुन्हा करावं लागेल."

शेजारच्या वर्गाच्या चिंबाझाबाई वयाने मोठ्या. त्या दारात येऊन म्हणाल्या, "कुणाच्या मयताला जायला ओळख लागते का गं? उद्या तू मेलीस तर तुला उचलायला कॉलेज येणार आहे?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"हे सांगायचं नसतं, पोरी."

तियामिके ताटभर पीठ घेऊन फुन्सानीच्या घरी गेली. परत आल्यावर मला म्हणाली, "घरच्या बायकांनी पीठ घेतलं. बस म्हणाल्या नाहीत."

तीन आठवडे उलटले. परीक्षेच्या सकाळी तिने माझे खिसे दोनदा तपासले. तेवढ्यात निरोप आला, गावप्रमुखाची बहीण वारली होती. मास्तर निघाले, मुलंही आपापल्या घरच्यांबरोबर निघाली.

चिंबाझाबाई म्हणाल्या, "तू थांब. चार पोरं ठेवते तुझ्यासाठी. तुझी परीक्षा आहे, गाव समजून घेईल."

तियामिकेने हातातलं कार्ड माझ्या खिशात परत ठेवलं. "मागच्या वेळीही परीक्षाच होती, बाई," ती म्हणाली. मग तिने मयताला जाणाऱ्या बायकांसारखं स्कर्टवरून चितेंजेचं कापड गुंडाळलं, डोक्याला फडकं बांधलं आणि बाहेर पडली.

न्यांगुलू सर आले तेव्हा वर्गात मी एकटाच होतो. ते खिडकीत बसून बराच वेळ थांबले. माझ्या एका खिशावरून त्यांनी बोट फिरवलं, घड्याळ पाहिलं आणि कागदावर 'गैरहजर' लिहिलं. लिहून झाल्यावरही ते लगेच उठले नाहीत.

तिचं वर्ष गेलं. दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या गावात पुन्हा पहिल्यापासून. जायच्या दिवशी ती मला भिंतीवरून काढायला आली. फुन्सानी मागे उभी होती. "हा राहू दे ना, बाई," ती म्हणाली. तियामिकेने खिळ्यावरचा हात मागे घेतला.

आता माझे सहा खिसे फाटलेत, आठचा आकडा पुसट झालाय. नवे मास्तर माझ्यावर ओली छत्री टांगतात. दुपारी शाळा सुटली की मी आणि रिकामी जमीन, दुसरं कुणी नसतं.

तुमच्यापैकी कुणी दूरच्या एखाद्या शाळेत गेलात आणि तिथे तियामिके नावाची शिक्षिका भेटली, तर माझा एवढा निरोप द्या. परवा गावात मयत झाली. खिडकीबाहेरून घाईने बायका चालल्या होत्या. त्यांतली एक थांबून दुसरीला विचारत होती, "आपल्या तियामिकेबाईंना कळवलं का गं कुणी?"