पुडीचे वजन

मी एक जुना वजनकाटा आहे आणि मला सहसा कोणाचा लळा लागत नाही. मित्रांनो, हे आधीच सांगितलेले बरे, म्हणजे पुढे तुमचा गैरसमज व्हायला नको. वर एक पसरट ताटली, खाली गोल तबकडी, तिच्यावर आकडे आणि एक काळा काटा, एवढाच माझा संसार. ताटलीत ठेवाल तेवढे मी सांगतो. जास्त नाही, कमी नाही, आणि कोणाला बरे वाटावे म्हणून तर मुळीच नाही.

कारखान्यात माझ्या पोटात स्प्रिंग बसवली, ठरलेली वजने ठेवून मला तपासले, आणि मी पोस्टात पार्सलच्या खिडकीवर रुजू झालो. तिथे माझी गाठ एका कारकुनाशी पडली. ते एका ग्रॅमचीही सूट देत नसत, म्हणून सगळे त्यांना ग्रॅमकाका म्हणत. पार्सल हलके भरावे म्हणून काही लोक त्याची दोरी बोटाने हळूच वर उचलून धरत. ग्रॅमकाका चष्म्यावरून बघत आणि शांतपणे म्हणत, "बोट काढा." समोर शेजारी असो की साहेब, शब्द तेच. माझे जे काही कौतुक झाले ते त्या काळात. "काटा खोटं बोलत नाही," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत आणि मी फुशारून जात असे.

एके दिवशी रिकाम्या पोत्यांच्या मागे त्यांना मांजरीचे पिल्लू सापडले. त्याची आई तीन दिवस फिरकली नव्हती. काकांनी त्याला दूध वगैरे नंतर दिले, आधी माझ्या ताटलीत ठेवले. दोनशे चाळीस ग्रॅम. मग कागदी पिशवीत घालून घरी नेले. त्यांच्या घरी शिवणकाम करणाऱ्या काकू होत्या. पिशवीत डोकावून त्या म्हणाल्या, "ही कसली पुडी आणलीत?" तेच तिचे नाव पडले. हे मला पुढे त्या घरात राहायला गेल्यावर कळले.

कारण काही वर्षांनी खिडकीवर विजेचा काटा आला आणि माझी रवानगी भंगारात झाली. काकाही तेव्हाच निवृत्त होत होते. त्यांनी रीतसर अर्ज करून मला मागून घेतले आणि कडेवर घेऊन घरी आणले. दुसऱ्याच दिवशी रविवार होता. त्यांनी पुडीला माझ्यावर बसवले, आकडा मोठ्याने वाचला आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिला. तेव्हापासून दर रविवारी तोच कार्यक्रम. पुडी पाच किलो शंभर ग्रॅमपर्यंत गेली. शेजाऱ्यांना ती थाप वाटे. "काका, पुड्या सोडू नका," असे ते म्हणत. मग काका मला आणि तिला, दोघांनाही ओट्यावर आणून पुरावा दाखवत.

पुढे हा उत्साह ओसरला. मांजर धडधाकट आहे म्हटल्यावर तिचे वजन कोण करतो? मला शिवणयंत्राखाली सरकवले गेले. काकू माझ्या ताटलीत कापडाच्या चिंध्या टाकत आणि पुडी त्या चिंध्यांवर झोपा काढत असे. माझा काटा तासन्‌तास पाचापाशी ताटकळत उभा राही. माझी स्प्रिंग सैल झाली ती त्यामुळेच. ही तक्रार नव्हे, मी फक्त कारण सांगतो आहे.

पुडी सतरा वर्षांची झाली आणि एकाएकी खूप पाणी पिऊ लागली. मग खाणे कमी झाले. तिला तपासायला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई घरी आल्या. तिची मूत्रपिंडे थकली आहेत, औषधाने थोडे दिवस बरे जातील, पण ती झिजत जाणार, असे त्यांनी सांगितले. दर रविवारी वजन करा, म्हणाल्या. "दोन किलोच्या खाली गेली की मला बोलवा. मग तिचे हाल करण्यात अर्थ नाही. इंजेक्शन देऊ, ती शांत झोपेल." त्या झोपेतून पुडी उठणार नव्हती, हे काका-काकूंना न सांगता समजले.

मला पुन्हा बाहेर काढले गेले. काकांनी माझी धूळ पुसली आणि स्क्रू फिरवून शून्य नीट जुळवले. दोन किलो तीनशे. पुढच्या रविवारी दोन किलो शंभर. त्याच्या पुढच्या रविवारी माझा काटा दोनाच्या अलीकडेच थांबला. मग माझ्या ताटलीच्या कडेवर काहीतरी टेकले आणि काटा थोडा पुढे सरकला. ते काकांचे बोट होते.

"दोन किलो पन्नास," काकांनी वाचले आणि खडूने लिहिले.

तीस वर्षे ज्या माणसाने लोकांना बोट काढायला लावले, त्याने माझ्यावर बोट ठेवले. पार्सल हलके दिसावे म्हणून नव्हे, मांजर जड दिसावे म्हणून. मी तो आकडा दाखवला. दुसरे काही करणे माझ्या हातात नव्हते, आणि मला तर हातही नाहीत.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच झाले. या खेपेला काकूंनी ते पाहिले. त्यांनी मान वळवली आणि सुईत दोरा ओवत बसल्या. त्या आठवड्यात पुडी दोनदा पाण्याच्या वाटीपाशीच आडवी झाली. तिने अंग चाटणे सोडले होते. काकू तिला ओल्या फडक्याने पुसत आणि काका चमच्याने भरवत. ती तोंड फिरवी. "आज जरा तरतरी आहे," काका म्हणत. काकू फडके पिळत राहत.

तिसऱ्या रविवारी वजन चालू असतानाच पुडी उतरायला निघाली. माझ्या ताटलीची कड दोन बोटे उंच आहे. तिने पुढचा पाय कडेवर ठेवला. दुसरा काही उचलला जाईना. ती तशीच थांबली आणि तिने काकूंकडे पाहिले.

"दोन वीस," काका म्हणाले.

"अहो," काकू म्हणाल्या, "बोट काढा."

काका हलले नाहीत.

"मीही बघून न बघितल्यासारखं केलं. पण पुष्कळ पुड्या सोडून झाल्या आपल्या. आता हिला सोडा."

काकांनी बोट काढले. काटा मागे आला, थोडा थरथरला आणि स्थिरावला. "एक सातशे," काकांनी वाचले. पोस्टाच्या खिडकीवर वाचत तसेच, स्पष्ट आणि मोठ्याने. मग ते खाली बसले.

डॉक्टरीणबाई दुपारी आल्या. शिवणाच्या टेबलावर काकूंनी जुना मऊ परकर अंथरला होता. औषध भरताना बाईंनी वजन विचारले. काकांनी सांगितले. बाईंनी कपाटाच्या दाराकडे पाहिले. "गेल्या रविवारी तर दोनच्या वर लिहिलंय."

"ते खोटं आहे. मी बोट ठेवलं होतं," काका म्हणाले.

बाईंनी औषध भरून घेतले. "बरेच जण ठेवतात," एवढेच म्हणाल्या.

काकूंनी पुडीचे डोके तळहातावर घेतले. काका तिच्या कानामागे खाजवत राहिले. "तू जा गं बाळा," ते म्हणाले. "आमचं आम्ही बघतो." थोड्या वेळाने बाईंनी मान हलवली, तरी काका खाजवतच होते. मला त्या वेळी वाईट वाटले. लळा लागत नाही असे मी सुरुवातीला म्हणालो होतो, ते तुम्ही फार मनावर घेऊ नका.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादे म्हातारे जनावर असेल. त्याला वेळेवर पाणी द्या, त्याचे अंथरूण कोरडे ठेवा, त्याचे वजनही करा. पण निरोपाची वेळ आली का, हे माझ्यासारख्याला विचारत बसू नका. तीन रविवार मी खोटे बोललो. पुडी त्या सगळ्या दिवसांत एकदाही खोटे बोलली नव्हती. तिच्याकडे बघायचे होते.