बातम्यांतलं गुडघ्याचं तेल

बाबांचं डोकं फिरलंय असं दादाने जाहीर केलं, तेव्हा मी त्याला तोंडावर सांगितलं की बिघडलंय ते टॅबवरचं पान, डोकं नाही.

बाबांनी उभी हयात रेडिओवर बातम्या वाचल्या. निवृत्त झाल्यावरही सवय सुटली नाही. रोज सकाळी टॅबवर बातम्यांचं पान उघडायचं आणि आईला मोठ्याने वाचून दाखवायचं. आईची नजर अधू, त्यामुळे तिचं जग बाबांच्या आवाजातूनच घरात यायचं. त्या रविवारी दादासमोर त्यांनी त्याच भारदस्त आवाजात वाचलं, "अर्थमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं, की गुडघ्याला हे तेल चोळा आणि धडाधड जिने चढा."

आई पोट धरून हसली. दादा हसला नाही. "दोघांना माझ्याकडे नेतो. हे घर बंद करू," म्हणाला. बाबांनी टॅब पालथा घातला. जन्मात कधी शब्द न चुकलेल्या माणसाला वाचन असं अर्ध्यावर सोडताना बघून मला रडू आलं, आणि दादाचा रागही.

"पुढच्या रविवारपर्यंत थांब," मी म्हटलं. "बाबा सरळ वाचतील. नाही वाचलं, तर बॅगा मी भरते."

मी ते पान नीट पाहिलं. बातमीच्या मधोमध जाहिरात, तीही बातमीच्याच अक्षरांत. बाबांची शिस्त जुनी: समोर आलेला मजकूर न थांबता, जसाच्या तसा वाचायचा. स्टुडिओत त्यांच्या कागदात भेसळ करायची कोणाची छाती नव्हती.

टॅबच्या ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाकलं. त्यात फिल्टरच्या, म्हणजे काय काय गाळायचं त्याच्या, कितीतरी याद्या होत्या: जाहिरातींची, पाळत ठेवणाऱ्यांची, मधेच उगवणाऱ्या चौकटींची, परक्या भाषांच्या. हावरटासारख्या मी सगळ्याच लावल्या. रोगापेक्षा औषध भयंकर. पान कोरं झालं.

"आता डोळेही गेले का माझे?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा, तुमच्या लेकीची अक्कल गेली."

"चाळण फार बारीक घेतलीस तर पीठही वरच राहतं गं," आई म्हणाली.

मग एकेक यादी काढत गेले. परक्या भाषांच्या काढल्या, तरी कोरंच. चौकटींची कडक यादी काढली आणि बातमी परत आली. फक्त तेल तेवढं चिकटून राहिलं, कारण ती जाहिरात त्या साइटची स्वतःचीच होती, कुठल्याच तयार यादीत नव्हती. तिच्यावर बोट ठेवून मी माझा स्वतःचा फिल्टर बनवला. तेल गेलं, अर्थमंत्री राहिले.

रविवारी दादा रिकाम्या बॅगा घेऊनच आला. बाबांनी घसा खाकरला आणि सुरुवात केली. पूर, संप, अर्थसंकल्प, कुठेही अडखळले नाहीत. दादाने खात्री करायला स्वतःच्या फोनवर तेच पान उघडलं. त्याच्या अर्थसंकल्पाच्या मधोमध तेल होतं. त्याने फोन खिशात घातला.

बाबा मात्र थांबले नव्हते.

"आता शेवटची बातमी," ते त्याच आवाजात म्हणाले. "या घरातले दोघे याच घरात राहणार आहेत. मुलगा जेवून, बॅगा घेऊन आपल्या घरी जाईल. बातम्या संपल्या."