सात दिवस वर, सात दिवस खाली

आमच्या ओवाये गावात अशी घरं मोजायला बसलात तर हाताची बोटं पुरायची नाहीत. घरचा पुरुष सात दिवस वर, म्हणजे वाळवंटातल्या तांब्याच्या खाणीवर, आणि सात दिवस खाली, म्हणजे घरी. खाणीत चिकटला म्हणजे माणसाचं भलं झालं, असं आम्ही सगळेच म्हणतो. निबाल्दो आरायाचंही असंच भलं झालं होतं. त्याच्या घरी फ्रिजवर एक कागद लावलेला होता, आणि त्यावर त्याने आपली ध्येयं लिहून काढली होती.

स्वतःचं घर. त्यापुढे खूण. पिकअप गाडी. खूण. मुलीला खासगी शाळा. खूण. आणि सगळ्यांत खाली: ला सेरेनाला समुद्राजवळ दुसरं घर, त्यात तळमजल्यावर आईसाठी खोली. त्यापुढची जागा अजून कोरी होती.

घरी कोणी आलं की निबाल्दो त्या कागदाकडे बोट दाखवायचा. "माणसाला ध्येय पाहिजे," तो म्हणायचा, "नाहीतर माळावरच्या शेळ्या काय आणि आपण काय!" पाहुणे माना डोलवायचे. त्यांच्याही घरी कुठे ना कुठे असाच कागद होता. खरं सांगा, तुमच्या घरी नाही?

या शेवटच्या ध्येयापायी त्याने घरचे सात दिवसही कामाला लावले. लेओपोल्दो नावाच्या एका मालकाचा ट्रक तो चालवायला लागला. खोऱ्यातली फळं भरायची आणि कोकिंबोच्या बंदरावर नेऊन टाकायची. उन्हाळ्यात द्राक्षं, थंडीत संत्री. उजाडताना निघायचा, दिवेलागणीला परतायचा आणि जेवता जेवताच पेंगायचा.

डिसेंबरातल्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यातल्या, एका सकाळी त्याची बायको यास्ना त्याच्या पुढ्यात चहा ठेवून तिथेच उभी राहिली.

"काल मी तुझ्या आईला दवाखान्यात घेऊन गेले होते."

"बरी आहे ना?"

"अंगाने बरी आहे. पण परवा मीठ समजून साबणाचा चुरा टाकला कणकेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्मरणशक्ती चाललीय. थांबणार नाही, हळूहळू जातच राहील. म्हणाल्या, अजून माणसं ओळखतेय, तोवर मुलाला येऊन बसायला सांगा. काही करायला नको, नुसतं बसायला."

निबाल्दोने पाव तोडला, त्यावर अवाकाडो फासला. "मार्चपर्यंत जाऊ दे. द्राक्षांचा हंगाम संपला की बसतोच."

"मार्चनंतर संत्री येतात."

"अगं, तिच्यासाठीच चाललंय ना हे! एकदा ला सेरेनाचं घर झालं की तिला तिथेच आणू. मग रोज बसू."

"तुझ्या त्या कागदावर मी कितव्या नंबरला आहे रे?"

"तू कागदाच्या बाहेर. तू मालकीण!" तो हसला. यास्ना हसली नाही. तिने त्याची बशी उचलली आणि आत गेली.

त्याची आई एदेल्मीरा मोन्ते पात्रियाला राहायची, ओवायेहून अर्ध्या तासावर. ट्रकचा रस्ता तिच्या दारावरूनच जायचा. त्या उन्हाळ्यात निबाल्दो चारदा तिच्याकडे थांबला. चारही वेळा इंजिन चालू ठेवून. आई हाताला लागलेलं पीठ पुसत फाटकापर्यंत यायची, फडक्यात बांधलेला गरम पाव खिडकीतून वर द्यायची.

"आत ये की रे. चहा टाकलाय."

"फळं तापतात ग आई. पुढच्या खेपेला नक्की."

तिसऱ्या खेपेला तिने त्याला त्याच्या मेलेल्या मामाच्या नावाने हाक मारली, मग स्वतःच जीभ चावली. चौथ्या खेपेला पाव कच्चा होता. निबाल्दोने तो पुढच्या वळणावर कुत्र्यांना टाकला आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये घातली.

मार्च संपला, संत्री आली. घरच्या आठवड्यात तो आता बंदरावर दोन दोन खेपा करायला लागला. यास्ना बोलायची थांबली. ती एकटीच दर रविवारी सासूकडे जायची, केस विंचरून द्यायची, औषधं डबीत भरून ठेवायची. मुलगी अनाईस तेरा वर्षांची. तिला बापाशी काही बोलायचं असेल तर ती फोनवर लिहून पाठवायची. एकाच घरात, दोन खोल्यांमधून.

ऑगस्टात ला सेरेनाचं घर उभं राहिलं. आईच्या खोलीला खिडकी पूर्वेकडे, न्हाणीघरात धरायला दांडी, भिंतीला तिच्या आवडीचा फिका निळा रंग. निबाल्दोने फ्रिजवरच्या कागदावर शेवटची खूण केली. वर्षभरात पहिल्यांदा त्याने घरच्या आठवड्यात एक दिवस ट्रकला हात लावला नाही. दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि पिकअप घेऊन आईला आणायला निघाला.

आई फाटकाशीच उभी होती. त्याला पाहून तिचा चेहरा खुलला.

"बरं झालं आलात! कालपासून वाट बघतेय. अहो, सिलिंडर मागच्या दारी ठेवा. कुत्रा भुंकेल, पण चावत नाही."

निबाल्दो हसायला लागला. "आई, काय ग तू! मी आहे."

"हो, ओळखलं ना. गॅसवाले. मागच्या वेळी दुसरे होते."

"आई, मी निबाल्दो!"

"निबाल्दो माझा मुलगा. तो वर खाणीत असतो." तिने अदबीने मान हलवली. "तुम्ही ओळखता का त्याला?"

तिने त्याला 'अहो' म्हटलं! ज्या बाईने त्याला बेचाळीस वर्षं अरे-तुरे केलं, कान पिळला, नाक पुसलं, ती त्याच्याशी परक्या माणसाशी बोलावं तसं जपून बोलत होती. त्याने नको ते केलं. तिचे दोन्ही खांदे धरले आणि ओरडला, "आई! बघ ना माझ्याकडे! नीट बघ!"

ती घाबरली. किंचाळत त्याचे हात झटकून धावली ती थेट शेजारच्या अंगणात. तिथे प्रोस्पेरिना बाई कपडे वाळत घालत होत्या. आई त्यांच्या पाठीमागे लपली, त्यांच्या पदराला धरावं तशी त्यांच्या लोकरी शालीला धरून.

"बाई, त्या माणसाला जायला सांगा."

प्रोस्पेरिना बाई गावातल्या शाळेच्या निवृत्त शिक्षिका. निबाल्दोला तिसरीत त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी आईला आत नेऊन बसवलं, पाणी दिलं, रेडिओ लावून दिला. मग बाहेर येऊन निबाल्दोला म्हणाल्या, "बस इथे." तो द्राक्षाच्या उघड्याबोडक्या मांडवाखाली बाकावर बसला, तिसरीतल्यासारखा.

"हे कधीपासून, बाई?"

"यास्नाने सांगितलं नाही तुला?"

"सांगितलं. पण इतकं..."

"इतकं कसं कळणार? इंजिन चालू असलं की ऐकू येत नाही." बाईंच्या आवाजात दया नव्हती. "एक गोष्ट सांगते. तू दर दुसऱ्या बुधवारी खाली येतोस ना? ती मला दर बुधवारी विचारायची, आज माझा निबाल्दो उतरतो का? भाजीवाल्याचं नाव विसरली, चुलीवरचं दूध विसरली, नवरा वारलाय हेही विसरली. बुधवार तेवढा धरून ठेवला होता तिने. तो सगळ्यात शेवटी गेला. मे महिन्यात."

निबाल्दोने तोंड हातांत झाकलं. मग एकदम उसळून म्हणाला, "पण मी कोणासाठी राबलो, बाई? दारूसाठी? पत्त्यांसाठी? तिच्यासाठी खोली बांधली मी! निळा रंग दिलाय खोलीला!"

"तिने मागितली होती?"

तो नखाने बाकाची कड खरवडू लागला.

"तिने काय मागितलं होतं ते सांग."

"आत ये म्हणायची," तो पुटपुटला. "चहा घे म्हणायची."

"मग ते नव्हतं का झेपण्यासारखं? अरे, तिसरीत तू हीच चूक करायचास. गणिताचं उत्तर लिहायचास पाच, आणि मी विचारायची, पाच काय? पाच संत्री, पाच कोस, पाच तास? तू म्हणायचास, पाच म्हणजे पाच. आताही तसंच. घर, गाडी, शाळा, पुन्हा घर. कशासाठी, किती, कुठवर, हे लिहिलंसच नाहीस. पहिलं घर झालं तेव्हा त्या घरात बसून किती दिवस निवांत जेवलास?"

"सगळेच असं करतात, बाई. खाणीवरचे सगळेच खाली आले की काहीतरी जोडधंदा करतात."

"म्हणून तर या रस्त्यावर सगळी घरं पक्की आहेत आणि सगळ्या घरांत बायका एकट्या जेवतात!" बाई पहिल्यांदाच मोठ्याने बोलल्या. "अर्धं वर्ष खाण नेते तुझं. त्याला इलाज नाही, पोट आहे. तुझ्या हातात उरतं ते अर्धंच. अर्ध्या वर्षाचा माणूस तू, आणि ध्येयं ठेवलीस दोन जन्मांची! ती पुरी करायला कुठून तरी दिवस चोरावे लागणारच. तू ते तुझ्या आईकडून चोरलेस, बायकोकडून चोरलेस. बाहेरच्या कुणाकडून चोरले असतेस तर तक्रार तरी झाली असती."

आतून रेडिओवरचं गाणं ऐकू येत होतं आणि त्याच्याबरोबर आईही ते बिनचूक शब्दांत म्हणत होती. गाणं तिला सगळं आठवत होतं.

"आता काय करू, बाई?"

"आता? तिला त्या समुद्राच्या घरात नेऊ नकोस. नव्या भिंतींत ती आणखी हरवेल. इथे येऊन बस. ओळखीची अपेक्षा ठेवू नकोस. तू एवढंच ठरव, म्हणजे जमेल."

परतल्यावर त्याने अंगणातूनच लेओपोल्दोला फोन लावला आणि ट्रक सोडतो म्हणून सांगितलं. समजावणी होईल, विनवण्या होतील, अशी त्याची कल्पना होती. लेओपोल्दो म्हणाला, "बरं. किल्ली उद्या आणून दे." तेवढ्यातच त्याने पलीकडे कोणाला तरी हाक मारली आणि त्या माणसाने हो म्हटलेलं निबाल्दोला फोनवरच ऐकू आलं. फोन ठेवायच्या आत त्याची जागा भरली होती. आणि मोन्ते पात्रियात एका म्हाताऱ्या बाईच्या मुलाची जागा आठ महिने रिकामी होती, ती कोणी म्हणजे कोणी भरू शकलं नव्हतं!

यास्नाला त्याने सगळं सांगितलं. ला सेरेनाचं घर विकायचं, फक्त खाणीची नोकरी करायची, खालचे सात दिवस कोणालाही द्यायचे नाहीत. तो बोलत असताना ती कांदा चिरत होती. चिरायची थांबली नाही.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "पण मी टाळ्या वाजवीन असं समजू नकोस."

"नाही समजत."

"मला ओळखते ती. तुझी आई. मला नावाने हाक मारते." तिने चिरलेला कांदा सुरीने बाजूला सारला. "माझा हक्क नव्हता रे तो. तुझा होता. मला नको होता."

दारात अनाईस उभी होती. कधीपासून, कोणास ठाऊक. "म्हणजे बाबा, तू घरी असणार?" तिने विचारलं. आणि मग, सावधपणे, दुकानदाराला विचारावं तसं, "किती दिवस?"

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला निबाल्दोला पुढचं सबंध वर्ष लागलं. मुलगी एका दिवसात जवळ आली नाही. बायको हसली, पण फार उशिराने, आणि पूर्वीसारखं नाही. जे घर तो बांधत सुटला होता त्यात राहायला शिकणं त्याला खाणीपेक्षा अवघड गेलं. बुधवारी उतरायचा, गुरुवारी मोन्ते पात्रियाला जायचा. गाडी बंद करायचा. फाटकातून विचारायचा, "येऊ का आत?" आई त्याला कधी पोस्टमन समजायची, कधी चर्चमधला माणूस, कधी नुसताच कोणी भला गृहस्थ. पण आत घ्यायची. तिचा हात धरून तो कणीक मळायचा, मीठ स्वतः टाकायचा.

एका दुपारी चहा पिताना ती त्याला म्हणाली, "माझा मुलगा लहानपणी फार रडका होता हो. जरा दूर गेले की आकांत करायचा. मी पाण्याला गेले तरी दारात उभा."

"मग?" निबाल्दोने विचारलं.

"मग काय, मोठा झाला. कामात असतो बिचारा." तिने त्याच्या कपात आणखी चहा ओतला. "आज येईल. तुम्ही थांबा ना, भेट होईल."

"थांबतो," तो म्हणाला.

बंधूंनो, भगिनींनो, निबाल्दो अजून थांबलेला आहे. त्याच्या आईची आठवण परत आली नाही आणि येणारही नाही. पश्चात्ताप झाला म्हणून गेलेले दिवस कोणी परत आणून देत नाही. ध्येयं जरूर ठेवा. पण आपल्या वाट्याला उरलेल्या दिवसांत मावतील एवढीच ठेवा, कुठे थांबायचं तेही त्याच कागदावर लिहा, आणि ज्या माणसांसाठी म्हणून आपण राबतो त्यांना एकदा समोर बसवून विचारा, तुम्हाला नक्की काय हवंय? बहुतेक घरांत उत्तर एक कप चहाएवढंच निघेल. ते आजच देऊन टाका, ती माणसं आपल्याला नावाने ओळखताहेत तोवर.