येतो

सात दारांपैकी सहा उभी राहिली तेव्हाच तिच्या अंगातलं त्राण संपलं होतं, पण सातवं तिचं स्वतःचं होतं, त्यामुळे ते कुणाच्या गळ्यात मारताही येत नव्हतं. जुन्या इमारती पाडणाऱ्यांकडून उचलून आणलेली दारं, त्यांवर सरसाने चिकटवलेलं मलमलीचं कापड, कापडावर पत्रांचे, बिलांचे, डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचे तुकडे, त्या सगळ्यावर पातळ ओतलेलं मेण आणि प्रत्येक दारामागे कानाच्या उंचीवर एक छोटा स्पीकर. हे सांगायला दोन मिनिटं पुरतात, करायला तिला दीड वर्ष लागलं होतं. स्टुडिओ म्हणजे एकेकाळचं सायकलींचं गोदाम. पत्र्याखाली दुपारी मेण मऊ पडायचं, आणि मेणाच्या आधी माणूस.

कल्पना तशी साधी होती. घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही. कोपऱ्यावर दूध आणायला निघालेला असो की सातासमुद्रापार, माणूस उंबऱ्याशी थबकतो आणि म्हणतो ‘येतो’, आणि आतून कुणीतरी ‘ये’ म्हणतं. असे सहा घरांतले सहा निरोप तिने मिळवले होते. त्यात रात्रपाळीला निघालेली नर्स होती, पोस्टमन होता, एक शाळकरी मुलगी होती, जी ‘येते’ म्हणताना नेमकी शिंकली होती. बघणाऱ्याने दाराशी उभं राहायचं, ऐकायचं, आणि उत्तर द्यायचं की नाही ते त्याचं त्याने बघायचं. सातव्या दारामागे तिच्या नवऱ्याचा आवाज होता. आठ वर्षांपूर्वी तो ‘येतो’ म्हणून गेला आणि आला नाही.

आवाज हाती लागला तो निव्वळ योगायोगाने. त्या दिवसांत ती कुठल्याशा कामासाठी घरातले आवाज गोळा करत होती, कुकरची शिट्टी, गळका नळ, असलं काहीबाही, आणि रेकॉर्डर चपलांच्या कपाटावर चालूच राहिला होता. त्यात तो ‘येतो’ म्हणतो आणि लगेच तिचा आवाज येतो, "नाही आलास तरी चालेल." भांडण कशावरून होतं ते आज विचारलंत तर तिला धड सांगता येणार नाही, बहुधा गीझरच्या दुरुस्तीवरून. पण ते वाक्य तिने पोलिसांना सांगितलं नाही, दिराला सांगितलं नाही, आणि सासूबाईंना तर नाहीच नाही. सासूबाई आठ वर्षं दाराकडे तोंड करून खुर्चीत बसल्या होत्या, आणि कुणी समजूत घालायला गेलं की म्हणायच्या, "येतो म्हणालाय ना? मग येईल." त्यांच्याबरोबर राहायचं, त्यांना दोन वेळा जेवायला वाढायचं, आणि ते वाक्य गिळून बसायचं. ह्याचाच तिला शीण आला होता.

म्हणून तिने ते कापून टाकलं. उरले अकरा सेकंद: ‘येतो’, कडीचा आवाज आणि जिना उतरणारी सात पावलं. प्रदर्शन शनिवारी संध्याकाळी उघडणार होतं. त्याच दिवशी सकाळी सासूबाईंना एकट्यांनाच आणून ऐकवायचं, असं तिने ठरवलं होतं. त्यांनी एकदा ऐकलं की वाट बघणं ह्या गोदामात ठेवून दोघींना मोकळं होऊन घरी जाता येईल, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

रविवारी वायरी जोडायला आलेला आवाजवाला कुरकुरला. "मॅडम, सातवी क्लिप तेरा सेकंदांची आहे. तुम्ही कागदावर अकरा लिहून दिलंय."

"अकराच आहे ती."

"मग माझं मशीन थापा मारतंय म्हणा."

तिने मूळ रेकॉर्डिंग पुन्हा काढलं, पुन्हा कापलं, अकरा सेकंद मोजून त्याच्या हवाली केले. सोमवारी ते पंधरा झाले होते. हेडफोन लावून तिने ऐकलं. सात पावलं खाली गेली, मग काहीच नाही, आणि मग दोन पावलं. उतरणारं पाऊल सैल पडतं आणि चढणारं दाबून पडतं, हे जिन्याच्या घरात जन्म काढलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. ही दोन चढणारी होती. मूळ रेकॉर्डिंगमध्ये ती नव्हती.

घाबरायलाही अंगात जोर लागतो. तिने हेडफोन काढून ठेवले आणि पाचव्या दारावरचं जास्तीचं मेण खरवडायला घेतलं, कारण तेही राहिलंच होतं.

बुधवारी सुतारकाका रंधा मारता मारता थांबले आणि "या, या" म्हणत पार फाटकापर्यंत जाऊन आले. "कुणीतरी जिना चढतंय असं वाटलं," ते म्हणाले, आणि मग त्यांचे तेच हसले, कारण गोदामाला जिनाच नव्हता. ती मात्र हसली नाही. तिने त्यांना सातवं दार स्क्रू मारून कायमचं बंद करायला सांगितलं.

"असं कसं ताई? दार म्हटलं की उघडायला नको? बंदच करायचं होतं तर फळी ठोकून दिली असती की मी." सगळी दारं त्यांनी हौसेने बिजागऱ्यांवर टांगली होती, बघणाऱ्याच्या बाजूला उघडणारी. मागे काळा पडदा आणि पडद्यामागे वीतभर अंतरावर गोदामाची भिंत. "तिथे मांजरसुद्धा मावायचं नाही, कशाला काळजी करता?" म्हणत स्क्रू न मारताच ते पुन्हा रंध्याकडे वळले.

शुक्रवारी चढणारी पावलं सहा झाली. संध्याकाळी घरी जाऊन ‘आई, उद्या नको’ असं सांगायचं तिने नक्की केलं होतं, पण सासूबाईंनी ठेवणीतले कपडे काढून, इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकले होते, आणि जेवताना त्यांनी दोनदा विचारलं, "किती वाजता निघायचं गं?" तिच्याने काही बोलवेना.

शनिवारी सकाळी सासूबाई काठी टेकत, खांद्यावरची पिशवी सावरत सहाही दारांपुढून फिरल्या. शिंकणाऱ्या मुलीपाशी जरा हसल्या. "बाई गं, इतकी दारं करून ठेवलीस आणि घर एकही नाही," म्हणाल्या. तिने खुर्ची पुढे केली, ती त्यांनी हातानेच नको म्हटली. सातव्या दारापुढे त्या उभ्या राहिल्या, आणि तिने बटण दाबलं.

"येतो."

सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी फक्त मान किंचित कलती केली. कडी वाजली. सात पावलं उतरली. मग ती शांतता आली, आणि शांततेत सासूबाई म्हणाल्या, "मधलं काढलंस."

"काय?"

"तू म्हणालीस ते. मी आतल्या खोलीतच होते गं. आपल्या भिंती काय एवढ्या जाड आहेत?"

आठ वर्षं! आठ वर्षं ह्या बाईने तिच्या हातचं खाल्लं, तिच्या आजारपणात उशापायथ्याशी बसून तिची सेवा केली, आणि एका शब्दाने बोलली नाही. "मग सांगितलं का नाहीत, आई?"

"तू सांगशील म्हणून थांबले."

एव्हाना पावलं चढायला लागली होती. एक. दोन. मधे जरा थांबून, पिशवीचा हात बदलावा तसं, पुन्हा तीन. चार. सातव्याला ती दारापाशी आली आणि थांबली. मशीनवरचा लाल दिवा विझला, म्हणजे क्लिप संपली होती. दारामागे मात्र जिना चढून आलेल्या माणसाचा श्वास ऐकू येत होता.

"थांबलाय तो," सासूबाई अगदी हळू म्हणाल्या. "तू नको म्हणालीस, आता तूच ये म्हण."

हा शब्द तिने किती वेळा मनात म्हणून पाहिला होता. पोलीस चौकीच्या बाकावर, बेवारस प्रेतांच्या पायांशी, न्हाणीघरात नळ मोठा सोडून. आता तो अगदी सहज निघाला. "ये," ती म्हणाली, आणि म्हणताना तिला खरंच रडू आलं.

पलीकडून कडी निघाली. दार तिच्या दिशेने बोटभर हललं आणि अडलं. का अडलं ते तिला लगेच कळलं नाही. मग तळव्यांना मेणाचा थंडपणा जाणवला. तिचे दोन्ही हात दारावर होते, खांदा दाराला लागला होता आणि टाचा फरशीत रोवलेल्या होत्या. पलीकडून कुणीतरी ढकलत होतं, घाई न करता. आता सासूबाई तिचे हात ओढून काढतील, म्हणून ती डोळे मिटून वाट बघत राहिली.

सासूबाईंनी काठी खाली टाकली. त्या पुढे आल्या, आपले दोन्ही तळवे त्यांनी तिच्या तळव्यांशेजारी टेकवले, आणि होता नव्हता तेवढा जोर लावून दार मागे रेटत त्या अगदी मायेने म्हणाल्या, "ये रे बाळा, ये."