नोमालिझोच्या पोटातला जुना रहिवासी

मी एक जुना जिवाणू आहे. नोमालिझो बरी झाली आणि दुपारची गाढ झोपायला लागली, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला काळजी नको.

मित्रांनो, वरचं वाक्य खोडलं आहे. असं झाल्याचं मला कुणी सांगितलेलं नाही. पहिल्यापासून नीट सांगतो.

माझं वय विचारू नका. आमच्यात कुणी म्हातारं होत नाही. वेळ आली की एकाचे दोन होतात आणि दोघेही स्वतःला थोरला म्हणवतात. पण घराणं जुनं आहे. आधी आम्ही नोमालिझोच्या आजीच्या पोटात होतो, मग आईच्या. दक्षिण आफ्रिकेतल्या सेंटानीजवळच्या एका गोल घरात नोमालिझो जन्माला आली, तेव्हा आम्ही वाटेतच तिच्यात चढलो.

माझं लहानपण मजेत गेलं. मक्याचा मोकळा भरडा, त्यावर आमासी, म्हणजे आंबवलेलं दूध, शिवाय चवळी आणि रानभाजी. नोमालिझोला जे पचायचं नाही ते आमच्या वाट्याला यायचं. तो चोथा खाऊन आम्ही आतड्याच्या भिंतीला लागणारं एक आम्ल तयार करायचो. थोडक्यात, मी गिलाव्याच्या कामावर होतो. माझं कौतुक कुणी केलं नाही. पोट ठीक असलं की पोट आहे हेच माणसाला आठवत नाही.

पुढे ती केपटाऊनजवळ खायेलित्शाला आली आणि रुग्णवाहिकेवर कामाला लागली. लुवुयोशी लग्न झालं. सासरची आमासी नव्या सुनेला आपली आपण घेता येत नाही. सासूबाई मारादेबे यांनी ती रीतसर पाजली, आणि त्या दिवसापासून आमच्यातही सासरची मंडळी राहायला आली. ती थोडी आगाऊ होती, पण कामाला चांगली होती. नोमालिझो रात्रपाळी करून दुपारी बारा ते चार झोपायची. त्या चार तासांत आमचं काम सगळ्यांत छान व्हायचं.

मग तो गुरुवार आला. त्या आठवड्यात तिची दिवसपाळी होती. दुपारी फोन आला म्हणून गाडी गेली. तिथे रुग्ण नव्हता. दोन माणसं होती आणि त्यांच्याकडे एक पिस्तूल होतं. त्यांना मोबाइल हवे होते, ते मिळाले. तरी जाता जाता त्यांनी एक गोळी झाडली. ती गाडी चालवणाऱ्या मन्सेडिसीच्या मानेत गेली. नोमालिझोने जखमेवर दोन्ही हात दाबून धरले. रुग्णवाहिकेसाठी दुसरी रुग्णवाहिका यायला चाळीस मिनिटं लागली. तोवर मन्सेडिसी गेला होता. तिला हात काढ म्हणून सांगावं लागलं.

मला डोळे नाहीत. मला एवढंच कळलं की वरून येणारं रक्त आटलं, भिंती आवळल्या गेल्या, आणि ती चाळीस मिनिटं पुढे कधी संपलीच नाहीत.

बाहेर टॅक्सीचं दार आपटलं की आत भूकंप. कुणी हसलं तरी भूकंप. जेवण येईना, आलं तर थांबेना. भिंतीचा गिलावा पडायला लागला. एके दिवशी मी शेजारच्या घराण्याला हाक मारली आणि ओ आली नाही. ते तीन पिढ्यांपासून तिथे होते. दुसऱ्या दिवशी पलीकडचे गप्प झाले. रिकाम्या जागेत अनोळखी मंडळी येऊन बसली. ती काही काम करत नव्हती. नुसती बसून होती आणि वाढत होती.

आम्ही कमी झालो म्हणून नोमालिझो घाबरत होती, की ती घाबरत होती म्हणून आम्ही कमी झालो? हे मला अजून माहीत नाही. मित्रांनो, मी आतला माणूस असून मला माहीत नाही.

एका विद्यापीठातले लोक नेमकं हेच शोधत होते. ज्यांच्या डोक्यातून एखादा दिवस निघून जात नाही, त्यांच्या पोटातून कोण निघून गेलंय? जो या तपासणीत नाव देईल त्याला समुपदेशक बाईंकडे बारा बैठका मिळणार होत्या. बाहेर त्याची रांग आठ महिन्यांची होती. अट एकच. शुक्रवारी बाराच्या आत नमुना पोचला पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याला.

अशा रीतीने मी पांढऱ्या डब्यात आलो. डबा फ्रिजमध्ये, आमासीच्या शेजारी.

शुक्रवारी सकाळी सासूबाईंनी झाकण उचललं. हवा हे आमचं विष आहे. तेवढ्यात आमचे सोळा लाख गेले. सासूबाईंनी फक्त नाक मुरडलं.

"अगं मकोती, सूनबाई, हे काय नासलंय?"

"आई, ठेवा ते! ते माझं आहे."

"तुझं म्हणजे?"

"माझं. म्हणजे... माझंच. तपासायला द्यायचंय."

मग डबा टेबलावर आपटला.

"माझ्या आमासीजवळ!"

"थंड ठेवायला सांगितलंय."

"आपल्याकडे माणूस नख कापलं तरी ते जमिनीत पुरतो. अंगावरचा मळ कुणाच्या हाती लागला तर तो आपलं काय करेल याचा नेम नाही. आणि तू हे डबा भरून देतेस? वर नाव-पत्ता घालून?"

"नाव नाही, आई. नुसता नंबर आहे. सत्तेचाळीस."

"म्हणजे तू कोण हे त्यांनाही माहीत नाही? मग बरं कुणाला करणार? सत्तेचाळीसला?"

"मला झोप हवीये. बाकी काही नको."

"मग मी देते की काढा. हे घराबाहेर जाणार नाही. विषय संपला."

दहा वाजले होते. विषय खरंच संपला असता. पण सासूबाई रागाने वळल्या आणि त्यांचं कोपर लागून पातेल्याचं झाकण खाली पडलं.

त्यानंतर मी डब्यातून ऐकलं ते असं. खुर्ची पडली. मग जमिनीवर गुडघे. मग श्वास, भराभर. नंतर सासूबाईंचा आवाज, अगदी हळू:

"काय करतेस? हात का दाबून धरलेस? पोरी, खाली चटई आहे. नुसती चटई आहे."

बराच वेळ गेला. मग सासूबाईंनी कोट चढवल्याचा आवाज आला.

"ऊठ. डबा मी मांडीवर धरते. तू टॅक्सी थांबव."

आम्ही बाराला पाच कमी असताना विद्यापीठात पोचलो. तिथे रशाद नावाचा एक मुलगा होता. आमच्याकडे आईला मामा म्हणतात. तो सासूबाईंना म्हणाला, "धन्यवाद मामा, द्या इकडे."

"आधी जागा दाखव."

"तिथे कुणाला सोडत नाहीत, मामा."

"मग मी इथेच उभी आहे. माझे पाय चांगले आहेत."

रशादने जागा दाखवली. कपाटाएवढी शीतपेटी, उणे ऐंशी अंश. सासूबाईंनी ती वरपासून खालपर्यंत तपासली असावी, कारण त्यांनी विचारलं, "वीज गेली की?"

"जनरेटर आहे ना."

"चालतो?"

"मागच्या वेळी... बऱ्यापैकी."

रशादने पेटी उघडली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "थांब. याच्यावर नुसता नंबर आहे. हे कुणाचं आहे ते सांगायला नको?" आणि त्यांनी त्या धुक्यात तोंड घालून मोठ्याने सुनेच्या कुळाची नावं घेतली. "भेले! खुबोनी! दुंजाने!" रशाद हातमोजे घालून तसाच उभा राहिला. मी नोमालिझोच्या आईकडून आलेला आणि कुळ तिच्या बापाकडचं, पण तेव्हा हरकत घ्यायची सोय नव्हती. खरं तर मला बरं वाटलं.

मागे नोमालिझो हसली की रडली ते कळलं नाही. दार लागलं.

इथे काही घडत नाही. माझे दोन होत नाहीत. मध्येच पेटीची घरघर बंद पडते, आणि आम्ही सगळे नंबरवाले मोजत बसतो की ती किती वेळ बंद राहते. दर वेळी थोडी जास्त राहते. मित्रांनो, पोटात कोण राहतंय याची कधीतरी चौकशी करत जा. आणि कुणी नुसत्या चटईवर हात दाबून बसलं असेल, तर त्याला हसू नका. शेजारी बसा.

तिच्या बारा बैठका झाल्या असतील. काय झालं हे मला कुणी सांगत नाही. म्हणून खालील अर्ज करत आहे.

प्रति,
मा. प्रमुख, शीतपेटी विभाग

विषय : माहिती मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार नमुना क्रमांक सत्तेचाळीस हा आपल्या ताब्यात असून त्याची मूळ घरी गरज आहे किंवा कसे, हे त्यास ज्ञात नाही. तरी श्रीमती नोमालिझो या दुपारी बारा ते चार झोपतात काय, याची समक्ष खात्री करून तसे लेखी कळवावे. अर्जदारास वाचता येत नसल्याने उत्तर पेटीच्या दारापाशी मोठ्याने वाचून दाखवावे. हात नसल्याने सही केलेली नाही, ती केली असे समजावे.

त्या झोपत असल्यास अर्जदाराची इथे राहण्यास हरकत नाही. झोपत नसल्यास त्यास विनाविलंब मूळ पत्त्यावर परत पाठवावे, ही विनंती.