आंगवर ये

"मांगे सरकू नको," भाईदास म्हणाला.

टीव्हीच्या पडद्यावर इसाकचा गडी कोपऱ्याला टेकला होता. तो एक सडपातळ पोरगा होता, दुरूनच हातातून आगीचे गोळे फेकणारा. भाईदासचा गडी पैलवान. त्याला दुरून काहीच करता यायचं नाही. छातीवर गोळे झेलत तो पुढे यायचा, आणि हाताच्या अंतरावर पोचला की समोरच्याची कंबर धरून त्याला उचलायचा आणि पाठीवर आपटायचा.

इसाकने बटण मुद्दाम उशिरा दाबलं. पोरगा पकडला गेला, आपटला, हरला.

भाईदासने रिमोट पोटावर ठेवला. त्याच्या कमरेखाली पांघरूण हलत नव्हतं.

इसाक धुळ्याला गाद्या भरायचा. दर रविवारी एसटीने दोंडाईच्याला येऊन भाईदासच्या खाटेशी बसायचा. दोघेही एकेकाळी तालमीतले. शिरपूरकडच्या एका जत्रेत त्यांची जोड लागली होती. बराच वेळ झोंबल्यावर इसाकने त्याला कमरेतून उचलून पाठीवर टाकलं. डाव नियमातला होता, पंचांनी हातही वर केला. पण भाईदास उठला नाही. मणका तुटला होता. त्या दिवसानंतर इसाक आखाड्यात उतरला नाही.

पहिल्यांदा तो भेटायला आला तेव्हा भाईदासने भिंतीकडे तोंड फिरवलं. झुंबरबाई, भाईदासची बायको, इसाकशी कित्येक वर्षं बोललीच नाही. चहाचा कप जमिनीवर ठेवून आत निघून जायची. इसाकची बायको अनवरी एकदा म्हणाली होती की तिथं जाऊन तू नेमकं करतोस काय. तो गादीतला कापूस बदलून द्यायचा, भाईदासची दाढी करायचा आणि शेवटच्या एसटीच्या आधी निघायचा.

मग भाईदासच्या मुलीने, दिपमालाने, मैत्रिणीच्या भावाचा जुना गेम आणून टीव्हीला जोडला. बापाचे पाय लुळे पडले होते, हात शाबूत होते. भाईदासने पहिल्याच दिवशी पैलवान निवडला. दुसरा गडी कधी घेतलाच नाही. खेळताना त्याचे खांदे हलायचे, मान खाली जायची, दात आवळले जायचे. घरात पुन्हा त्याचा आवाज ऐकू येऊ लागला. झुंबरबाई दारात उभी राहून बघायची, टीव्हीकडे नाही, नवऱ्याकडे.

इसाक मात्र दुरून खेळायचा. जवळ जायचं त्याच्याच्याने होत नसे.

त्या उन्हाळ्यात भाईदासच्या पाठीवर पडून-पडून झालेली जखम चिघळली. डॉक्टरांनी दिपमालाला बाहेर बोलावून सांगितलं की घाण हाडापर्यंत गेली आहे. तिने ते घरात सांगितलं नाही, पण तिच्या चेहऱ्यावरून भाईदासला कळलं. पुढच्या रविवारी इसाक आला तेव्हा भाईदास तापाने फणफणला होता, तरी त्याने टीव्ही लावायला लावला.

"आज पैलवान तू ले," तो म्हणाला.

इसाक म्हणाला, माले नही जमत.

"तुले जमस. बठ्ठा जिल्हाले ठाऊक शे."

इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल दोघांमध्ये निघालेला हा पहिलाच शब्द होता. त्याने रिमोट हातात घेतला. भाईदासने सडपातळ पोरगा घेतला आणि सुरुवातीपासूनच गोळ्यांचा मारा केला. इसाकचा पैलवान मागे जात राहिला.

"आंगवर ये," भाईदास म्हणाला. "दया करानी व्हई तं घर जाय."

इसाक पुढे निघाला. एक गोळा बसला, दुसरा बसला. त्याला वाटलं होतं भाईदास पळेल, पण भाईदासनेही मागचं बटण सोडलं होतं आणि तो पोरगा समोरून चालत येत होता. दोघे भिडले. पैलवानाने पोराची कंबर धरली. आता फक्त एक बटण दाबायचं होतं. इसाकचा अंगठा त्यावर थांबला.

"टाक," भाईदास म्हणाला.

त्याने टाकलं. पडद्यावर पोरगा हवेत गेला, उलटा झाला आणि पाठीवर आदळला. पंखा फिरत होता. झुंबरबाई दारात होती.

"मी असाच पडनू व्हतू का?" भाईदासने विचारलं. "माले ते दिसनंच नही."

"नही," इसाक म्हणाला. "तू मन्ही मान धरी ठेयेल व्हती. पडेपर्यंत सोडी नही."

भाईदासने मान हलवली. जणू एवढंच ऐकायचं होतं. मग छताकडे बघत तो म्हणाला, "मी बी तोच डाव टाकनार व्हतू. तुना हात आगोदर पडना. मी टाकता, तं तू आठे खाटवर ऱ्हाता. मंग मी दर रविवारले तुनाकडे ऊनू असतू का नही, सांगता येत नही."

इसाकला रडू आलं नाही. हातातला रिमोट खाली ठेवायचंही सुचलं नाही. भाईदासने पुन्हा खेळ लावला आणि त्याला दोनदा हरवलं. या वेळी इसाक खरोखर हरला.

पावसाळ्याच्या तोंडाशी भाईदासला धुळ्याच्या दवाखान्यात हलवलं. इसाक दुकान बंद करून तिथेच राहिला. ताप उतरत नव्हता, बोलणं तुटक झालं होतं. एका दुपारी नर्स चादर बदलायला आली. पेशंटजवळ एकच नातेवाईक थांबू शकेल, असं तिने सांगितलं आणि इसाककडे वळून विचारलं, "तुम्ही यांचे कोण?"

इसाक उठू लागला. झुंबरबाई आधी बोलली.

"ह्या त्यास्ना जोडीदार शेतस," ती इसाककडे बघत म्हणाली. "ह्याच थांबतीन."

ती पदर सावरत बाहेर गेली आणि व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली.

नर्सने एका कुशीवर घ्यायला सांगितलं. इसाक वाकला. त्याने एक हात भाईदासच्या मानेखाली सरकवला, दुसरा कमरेखाली, आणि त्याला हळूच आपल्याकडे वळवलं. भाईदासचं कपाळ त्याच्या गळ्याला टेकलं. श्वास गरम होता, आणि फार उथळ. नर्सने जुनी चादर ओढून काढली, नवी पसरली, कडा खोचल्या. झालं, आता ठेवा, असं ती म्हणाली.

"थोडं थांबा," इसाक म्हणाला.