दोर्कसबाईंचं वाचन

दोर्कसबाई त्रिभुवन शाळेतून रिटायर झाल्या, चर्चच्या संडे स्कूलमधून नाही. नाशिकच्या त्यांच्या प्रोटेस्टंट मंडळीतल्या निम्म्या लोकांकडून शास्त्रवचनं त्यांनीच पाठ करून घेतली होती, आणि चुकलेल्यांचे कानही त्यांनीच पिळले होते. धर्माच्या बाबतीत त्यांचं म्हणणं एका ओळीत मावायचं. शास्त्रात, म्हणजे बायबलात, असेल ते खरं, नसेल ते माणसांनी घुसडलेलं. मग ते पोपनं घुसडलेलं असो, नाहीतर शेजारच्या मावशींनी.

अशा बाईंच्या नातीनं कॅथलिक मुलगा पसंत केला. देवालाही अधूनमधून गंमत सुचत असावी.

शारोन पिंपळगावच्या एका पॅकहाउसमध्ये द्राक्षांची क्वालिटी तपासायची आणि आल्विन पठारे तिथेच एक्स्पोर्टची कागदपत्रं बघायचा. दोन सीझनमध्ये जमलं. शारोनची आई, म्हणजे बाईंची एकुलती लेक, बाळंतपणातच गेली होती आणि बापानं पुण्यात दुसरा संसार मांडला होता. पोरीला वाढवलं ते आजीनं. त्यामुळे बाईंनी खूप आदळआपट केली, एक वेळ जेवल्या नाहीत, आणि मग साखरपुड्याची साडी घ्यायला मेन रोडला गेल्या.

साखरपुड्यातच ठिणगी पडली. आल्विनचे आजोबा इग्नाती पठारे मूळचे सटाण्याकडचे, सगळी नोकरी झाली नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये. वाद घालायची त्यांना भारी हौस. जेवणं चालू असताना त्यांनी खुर्ची ओढून बाईंच्या समोरच आणली.

"विहीणबाई, तुम्ही लोक सारखं शास्त्र शास्त्र करता. पण शास्त्र काय आभाळातून बांधून पडलं का? कुठलं पुस्तक आत घ्यायचं, कुठलं बाहेर ठेवायचं, ते चर्चनंच ठरवलं ना?"

"सोनारानं सोनं पारखलं म्हणून सोनं त्यानं केलं असं होत नाही, पठारेसाहेब."

"हां, लय भारी बोलल्या!" इग्नातींना मनापासून आनंद झाला. "पण मग पारखणाऱ्यावर भरवसा तर ठेवाल का नाय? आमच्या बायबलात त्र्याहत्तर पुस्तकं हायेत. तुमच्याकडं सहासष्ट. सात काढून टाकली तुम्ही. वाचली तरी का कधी?"

"शास्त्र नाहीत ती. वाचायचंय काय त्यात?" असं म्हणून बाईंनी जिलेबीचा तुकडा मोडला आणि विषयही मोडला. इग्नाती नुसते हसले. ते हसणं बाईंना जिलेबीपेक्षा जास्त वेळ पुरलं.

लग्न ईस्टरआधीचा उपवासकाळ लागायच्या आत, नाशिकरोडच्या कॅथलिक चर्चमध्ये ठरलं. आणि शारोननं जाहीर केलं की मिस्सामधलं, म्हणजे लग्नाच्या उपासनेतलं, पहिलं वाचन आजी करणार. बाई वरवर कुरकुरल्या, आतून फुलून गेल्या. कॅथलिकांच्या वेदीजवळ उभं राहून, त्यांच्या माइकवर, खणखणीत आवाजात देवाचं वचन वाचायचं! कसं वाचतात ते कळू दे एकदा या लोकांना. रूथचं पुस्तक असेल, नाहीतर उत्पत्ती, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

फादर मायकल वसईकडचे, तरुण आणि मवाळ. त्यांनी ऑफिसात चहा दिला आणि वाचनाचा कागद पुढे केला. वर लिहिलं होतं, 'तोबितच्या पुस्तकातून घेतलेले वाचन'.

बाईंनी कप खाली ठेवला. "हे त्या सातांपैकी."

"हो. नवरीनं स्वतः निवडलंय," फादर म्हणाले. "लग्नाआधीच्या वर्गात आम्ही हे वाचतो. तुम्ही वाचायचं, आणि संपलं की 'हा प्रभूचा शब्द' म्हणायचं. लोक 'देवाला धन्यवाद' म्हणतात. बस, एवढंच."

"एवढंच कसं? हे वाचून 'प्रभूचा शब्द' मी म्हणणार नाही. जे मी मानत नाही, ते देवाच्या घरात उभं राहून बोलू?"

फादर रागावले नाहीत. बाईंना तेच जड गेलं. "मग वाचन दुसऱ्या कुणाला देऊ. किंवा उत्पत्तीतलं घेऊ. तुम्ही ठरवा."

"काही बदलायचं नाही," शारोन म्हणाली. "मला हेच हवंय आणि आजीनंच वाचलेलं हवंय. नाहीतर पहिलं वाचन नकोच." हा हेकटपणा पोरीनं कुठून उचलला हे बाईंना विचारायची गरज नव्हती.

परतताना सिटी बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली तेव्हा शारोननं तोंड उघडलं. "आजी, न वाचताच कसं सांगतेस की त्यात काही नाही?"

"आपल्या जुन्या लोकांनी वाचून, तपासून ठरवलंय ते."

"म्हणजे जुने लोक सांगतात म्हणून. म्हणजे परंपरा."

जन्मभर ज्या शब्दानं बाईंनी कॅथलिकांना झोडपलं, तो शब्द त्यांच्याच नातीनं भर बसमध्ये त्यांच्या पदरात टाकला. बाईंना इतका राग आला की त्या एक स्टॉप आधीच उतरल्या आणि उन्हातून चालत घरी आल्या.

दुपारी शारोन बाहेर गेल्यावर त्यांनी तो कागद काढला. दार लावून घेतलं, जणू चोरी करताहेत. मग फक्त कागदावर भागेना, म्हणून शारोनला वर्गात मिळालेलं जाड बायबल तिच्या कपाटातून काढलं आणि ते पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

गोष्ट विचित्रच होती. एका मुलीचा प्रत्येक नवरा लग्नाच्या रात्रीच मरतो. तरी एक तरुण तिच्याशी लग्न करतो. सासरा तर तिकडे गुपचूप कबर खणून ठेवतो. बाई स्वतःशीच म्हणाल्या, काय तरी एकेक! आणि मग तो तरुण दार बंद करतो, बायकोला उठवतो आणि म्हणतो, आधी प्रार्थना करू. दोघं उभी राहतात. तो देवाकडे दया मागतो, आणि मागतो की आम्हा दोघांना एकमेकांच्या सोबतीनं म्हातारं होऊ दे.

बाईंचं बोट त्या ओळीवर थांबलं.

बाईंनी आणि त्यांच्या यजमानांनी, योहानरावांनीही, लग्नाच्या पहिल्या रात्री गुडघे टेकले होते. प्रार्थना योहानरावांनीच केली होती. नोकरी पक्की होऊ दे आणि डोक्यावर स्वतःचं छप्पर येऊ दे, असं मागितलं होतं. दोन्ही मिळालं. नोकरी पक्की झाली, घर झालं, आणि लेक शाळेत असतानाच योहानराव हार्टअटॅकनं गेले. सोबत म्हातारं व्हायचं मागायला दोघांनाही सुचलं नव्हतं. बाई पदर तोंडावर घेऊन रडल्या. एवढं रडणं त्यांना कित्येक वर्षांत आलं नव्हतं, आणि ते आलं ते असल्या पुस्तकावरून, म्हणून त्या आणखी रडल्या.

मग डोळे पुसून त्या रिकाम्या घराला उद्देशून मोठ्यानं म्हणाल्या, "सुंदर आहे म्हणून शास्त्र होत नाही!"

पण हे पान आपल्याला आजवर कुणी दाखवलं कसं नाही, हा राग मात्र बाईंच्या मनात घर करून बसला.

आजीच्या होकाराची वाट न बघता शारोननं पत्रिकेबरोबर मिस्साचा कार्यक्रमही व्हॉट्सॲपवर टाकला होता. 'पहिले वाचन : श्रीमती दोर्कस त्रिभुवन, तोबितच्या पुस्तकातून.' दुसऱ्याच संध्याकाळी मंडळीच्या कमिटीचा सेक्रेटरी शांतवन घोलप दारात हजर. बँकेत मॅनेजर, डोक्याला टक्कल, पण बाईंसमोर बसताना अजूनही पाय जवळ घ्यायचा. लहानपणी त्याचा कान बाईंनी बराच पिळला होता.

"बाई, कमिटीत चर्चा झाली. तुम्ही लग्नाला जा, आम्ही पण येणार आहोत. पण त्यांच्या वेदीवरून वाचायचं, ते पण असलं पुस्तक... संडे स्कूलच्या मुलांवर काय परिणाम होईल? कमिटीचं मत असं पडलं की तुम्ही वाचलंत, तर वर्ग दुसऱ्याकडे द्यावा लागेल."

तो वर्ग म्हणजे त्यांचा आठवडा होता. सोमवार ते शनिवार त्या रविवारची वाट बघत जगायच्या. पण आवाज त्यांनी हलू दिला नाही.

"वचन दाखव, शांतवन."

"अं?"

"मी तिथे वाचू नये असं शास्त्रात कुठे आहे, ते वचन दाखव. शिकवलंय ना मी तुला, वचनाशिवाय बोलायचं नाही म्हणून?"

शांतवननं खिशातून रुमाल काढला. "असं थेट वचन नाही, बाई. पण आपल्याकडे आजवर कुणी असं केलेलं नाही. आपली रीत आहे. म्हणजे... आपली परंपराच आहे तशी."

बाई हसल्या. बराच वेळ हसल्या. शांतवनला कळेना की पाणी द्यावं की डॉक्टरला फोन करावा.

"अरे, याच शब्दावरून आपण त्यांच्यापासून वेगळे झालो! रोमला एक पोप आहे म्हणून आपण नाक मुरडतो, आणि आपली कमिटी म्हणजे सात पोप आणि एक खजिनदार! मी वाचणार. जा, सांग त्यांना. वर्ग काढून घ्यायचा तर समोर येऊन काढा, व्हॉट्सॲपवर नको."

लग्नाच्या सकाळी त्या वेळेच्या आधीच चर्चमध्ये पोचल्या आणि फादरना गाठलं. लबाडी त्यांच्या स्वभावात नव्हती.

"फादर, मी वाचीन. एकही शब्द गाळणार नाही. पण शेवटचं वाक्य म्हणणार नाही."

फादर मायकलनी थोडा विचार केला. "ते वाक्य माझ्या लोकांना लागतं, बाई. तुम्ही नाही म्हणालात तर मी म्हणेन."

"म्हणा की. तुमचं चर्च, तुमचं तोंड. माझ्या तोंडातून नको, एवढंच."

"मान्य," फादर म्हणाले. दोघांनाही तेवढं पुरलं.

चर्च भरलं होतं. डावीकडे पठाऱ्यांची माणसं, उजवीकडे बाईंची मंडळी, जरा अंग चोरून बसलेली. कधी उभं राहायचं आणि कधी बसायचं हे त्यांना कळत नव्हतं. शेवटच्या बाकावर शांतवन. बाई माइकशी गेल्या, चष्मा नीट केला आणि वाचायला लागल्या. आवाज तोच, संडे स्कूलचा, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. ती सोबत म्हातारं होण्याची ओळ आली तेव्हा मात्र तो फाटला. त्यांनी ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. शारोन मान खाली घालून रडत होती, मेकअपची पर्वा न करता.

वाचन संपलं. चर्च वाट बघत राहिलं. पहिल्या बाकावरून इग्नाती दबक्या आवाजात, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाले, "म्हणा की हो, विहीणबाई!"

बाईंनी पुस्तक मिटलं. "हा प्रभूचा शब्द आहे असं मी म्हणणार नाही," त्या माइकवर म्हणाल्या. "पण ही प्रार्थना आजपासून माझी. आमेन."

मग उजव्या बाजूनं, जन्माच्या सवयीनं, धडाधड आमेन आलं. सगळ्यात मोठं शेवटच्या बाकावरून आलं, आणि लगेच शांतवननं तोंडावर हात ठेवला. फादर मायकलनी आपल्या खुर्चीवरून शांतपणे म्हटलं, "हा प्रभूचा शब्द." डावी बाजू म्हणाली, "देवाला धन्यवाद." कुणी माघार घेतली नाही आणि मिस्सा पुढे चालू झाला.

जेवणाच्या मांडवात इग्नाती ताट घेऊन समोर आले. "काही म्हणा, आमचं पुस्तक वाचायला लावलंच तुम्हाला."

"वाचलं. आणि तुमचं वाक्य नाही म्हटलं. आता उरलेली सहा द्या, तीही बघते."

इग्नातींनी हसून हात जोडले.

शांतवन बराच वेळ आइस्क्रीमच्या टेबलापाशी घुटमळत होता. शेवटी आला. "बाई, कमिटीची मीटिंग शनिवारी आहे. मी काय सांगू त्यांना?"

"सांग, रविवारी मी वर्गात असणार. कुलूप लावलंत तर पायऱ्यांवर बसून शिकवीन."

"आणि मुलांनी तोबितचं विचारलं तर?"

"आधी गोष्ट सगळी वाचून दाखवीन," दोर्कसबाई म्हणाल्या. "मग सांगीन की हे शास्त्र नाही. न वाचता आता कुणालाच सांगणार नाही."